‘टिकवता आलं नाही’

‘तिला टिकवता आलं नाही गं.’

हे वाक्य मी आजवर किती वेळा ऐकलं असेल याची गणतीच नाही. लग्नघरी, हळदीकुंकवाला, दवाखान्याबाहेरच्या बाकावर, आणि आता व्हॉट्सॲपवरसुद्धा. म्हणणाऱ्या बायका काही दुष्ट नसतात. उलट आवाज खाली आणून, कळवळ्यानेच बोलतात. पण चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवल्यामुळे मला एक खोड जडली आहे. वाक्य कानावर पडलं की मी त्यात कर्ता शोधते. ‘पाळी चुकली’ यात चुकते ती पाळी. ‘दिवस गेले’ यात जातात ते दिवस. ‘गर्भ राहिला’ यात राहतो तो गर्भ. म्हणजे सगळं सुरळीत चाललेलं असतं तोवर बाई वाक्यात कुठेच नाही! आणि एकदा का रक्त दिसलं, की ‘तिला टिकवता आलं नाही’. सगळं नाकर्तेपण एकदम तिच्या नावावर.

माझं म्हणणं असं आहे की हे वाक्य व्याकरणात बसत असलं तरी शरीरशास्त्रात बसत नाही. आणि ते बसत नाही हे सांगणारी गोष्ट आज पन्नास-शंभर रुपयांत कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळते. ती दोन रेघांची पट्टी.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मराठी माध्यमातून बी. ए. झालेली, भाषा आणि इतिहास शिकवलेली बाई. पण माझी पुतणी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि तिला माझे प्रश्न झेलायची सवय आहे. शिवाय रिकामपण आहे, चष्मा आहे आणि इंटरनेट आहे. गेले दोन महिने मी या एकाच विषयाच्या मागे लागले होते. त्याला कारण घडलं.

आमच्या नात्यातल्या एका मुलीची पाळी चार दिवस पुढे गेली. तिने घरी पट्टी लावली, दोन रेघा आल्या. नवऱ्याला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, सासूबाईंनी बहिणीला सांगितलं. सातव्या दिवशी रक्तस्राव सुरू झाला आणि सगळं संपलं. डॉक्टर म्हणाल्या, ‘असं होतं, अगदी सुरुवातीचं होतं.’ पण पुढच्या पंधरा दिवसांत तिला जे प्रश्न विचारले गेले ते तिने मला मोजून सांगितले. स्कूटरवर बसली होतीस का? माळ्यावरचा डबा काढलास का? पपई खाल्लीस का? ऑफिसात फार टेन्शन असतं का? आणि शेवटचा, सर्वांत मऊ आवाजातला : ‘आधी काही गोळ्या वगैरे घेत होतीस का गं?’

तिचं नाव लिहीत नाही. तिने लिहायला परवानगी दिली आहे, पण हा ब्लॉग वाचणाऱ्यांत निम्मे आपल्याच घरचे आहेत. हे प्रश्न ज्यांनी विचारले त्याही वाचतील. वाचाव्यात म्हणूनच लिहिते आहे.

तर ती पट्टी नेमकं काय ओळखते? तिला बाळ दिसत नाही, गर्भाशय दिसत नाही. ती लघवीतलं एकच संप्रेरक ओळखते. त्याचं नाव ह्यूमन कोरिऑनिक गोनॅडोट्रॉपिन, घरगुती नाव एचसीजी. नावातला कोरिऑन म्हणजे गर्भाभोवतीचं आवरण. इथेच सगळी मेख आहे, मंडळी. हे संप्रेरक प्रामुख्याने गर्भाच्या बाहेरच्या पेशींतून येतं, ज्यांची पुढे वार होते. आईच्या बीजकोशातून नाही, आईच्या मेंदूतून नाही. ते येतं पाहुण्याकडून.

हे असं का, ते पुतणीने मला दोनदा समजावल्यावर कळलं. दर महिन्याला बीजकोशातून एक बीज सुटतं. ज्या पुटकुळीतून ते सुटतं तिचा मागे एक पिवळसर गोळा होतो. त्याला पीतपिंड म्हणतात. हा पीतपिंड प्रोजेस्टेरॉन नावाचं दुसरं संप्रेरक बनवतो आणि त्यावर गर्भाशयाचं अस्तर टिकून राहतं. पण पीतपिंडाचं आयुष्य साधारण दोन आठवड्यांचं. ते संपलं की प्रोजेस्टेरॉन संपतं, अस्तर गळतं, पाळी येते. दर महिन्याचा हा नेम.

आता समजा बीज फळलं. फळलेलं बीज विभागत विभागत गर्भाशयात पोचतं आणि अस्तरात रुजतं. बहुतेक वेळा हे बीज सुटल्यापासून आठव्या ते दहाव्या दिवशी होतं. म्हणजे पीतपिंड सुकायला जेमतेम चार-सहा दिवस राहिलेले असतात! तेवढ्या अवधीत या मोहरीएवढ्यासुद्धा नसलेल्या जिवाने निरोप धाडायचा असतो की मी आलोय, दार लावू नका. तो निरोप म्हणजे एचसीजी. तो रक्तातून बीजकोशात पोचला की पीतपिंड सुकायचा थांबतो, अस्तर टिकतं, पाळी चुकते. पुढे सातव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास वारच पुरेसं प्रोजेस्टेरॉन बनवू लागते आणि पीतपिंडाची गरज उरत नाही. तोवर मात्र त्या निरोपाची धार रोज वाढती राहावी लागते. सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तातलं एचसीजी साधारण दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं. आठव्या ते अकराव्या आठवड्यात ते शिखरावर जातं, मग उतरून खालच्या पातळीवर राहतं.

आता सांगा, या सगळ्यात बाईने माळ्यावरचा डबा काढला की नाही याचा संबंध कुठे येतो? निरोप पाठवायचा आहे गर्भाने. गर्भ सदोष असेल, त्याच्या गुणसूत्रांची वाटणीच चुकली असेल, तर निरोप अडखळतो किंवा थांबतो. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी निदान निम्म्यांच्या मुळाशी गुणसूत्रांची अशी चूक सापडते. ही चूक रक्त दिसण्याच्या कितीतरी आधी, बहुतेकदा बीज फळतानाच, होऊन गेलेली असते. स्कूटर तेव्हा गॅरेजमध्येच होती.

निरोप अडवला तर काय होतं, हे आपल्याच देशात करून पाहिलेलं आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय रोगप्रतिकारशास्त्र संस्थेचे डॉ. जी. पी. तलवार यांनी एचसीजीविरुद्ध लस बनवली, कुटुंबनियोजनासाठी. तिच्या चाचणीचा अहवाल १९९४ साली प्रसिद्ध झाला. १४८ स्त्रियांना लस दिली होती. त्यांतल्या ज्यांच्या रक्तात पुरेशी प्रतिद्रव्यं तयार झाली, त्यांच्या १,२२४ मासिक चक्रांत गर्भधारणा झाली ती फक्त एक. बाकी या स्त्रियांची पाळी नेहमीसारखी येत राहिली, बीजही सुटत राहिलं. म्हणजे बाईच्या बाजूचं सगळं जागच्या जागी. निरोप तेवढा वाटेत अडवलेला. (त्या लसीवर पुढे अनेक वर्षं काम चाललं, तिच्याबद्दल वादही झाले. तो वेगळा विषय आहे, इथे नको.)

हे संप्रेरक सापडलं कसं, याची हकीकतही मोठी गमतीची आहे. १९२७ च्या सुमाराला बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक या दोघांनी गरोदर बाईची लघवी उंदराच्या लहान मादीला टोचली. चार-पाच दिवसांनी उंदराला मारून तिचे बीजकोश बघायचे. फुगलेले दिसले की बाई गरोदर. मग अमेरिकेत ससे आले, मग आफ्रिकेतले बेडूक. बेडकीला टोचलं की काही तासांत ती अंडी घाले, तिला मारावं लागत नसे, एवढीच काय ती दया. १९६० मध्ये स्वीडनच्या वाइड आणि गेमझेल यांनी प्राण्याशिवाय, परीक्षानळीत होणारी तपासणी काढली. आणि १९६७ मध्ये अमेरिकेत मार्गारेट क्रेन नावाच्या तरुणीने एका औषध कंपनीत त्या नळ्यांची रांग पाहिली. ती शास्त्रज्ञ नव्हती, खोक्यांची चित्रं काढायला नेमलेली कलाकार होती. तिने विचारलं, हे बायकांना घरीच का करता येऊ नये? कंपनीतल्या पुरुषांना ते पसंत नव्हतं. डॉक्टर काय म्हणतील, आणि बायकांना हे झेपेल का! तरी तिने प्लॅस्टिकच्या साध्या डबीतून नमुना बनवला, १९६९ मध्ये तिच्या नावावर पेटंटचा अर्ज झाला आणि हक्कापोटी तिला एक डॉलर मिळायचा होता, तोही मिळाला नाही असं ती पुढे सांगत असे.

आमच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. माझ्या पहिल्या खेपेला पाळी चुकून दोन महिने होईपर्यंत वाट पाहिली, मग डॉक्टरीणबाईंनी हाताने तपासून सांगितलं. आज गावोगावच्या आशाताईंकडे ‘निश्चय’ किट असतं आणि ते फुकट मिळतं. ही फार मोठी सोय झाली. पण तिने एक नवं दुःखही आणलं, ज्याचा आपण विचारच केला नाही.

अमेरिकेत विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूल हवं असलेल्या २२१ स्त्रियांची लघवी रोज तपासली. अहवाल १९८८ चा आहे. एचसीजी वाढल्यावरून १९८ गर्भधारणा मोजल्या गेल्या. त्यांतल्या २२ टक्के गर्भधारणा, नेहमीच्या तपासणीत कळण्याआधीच संपल्या. पुढचे गर्भपात धरले तर एकूण ३१ टक्के. म्हणजे दहांतल्या तीन. आणि या सगळ्या साध्या, निरोगी बायका.

याचा अर्थ असा की माझ्या आईच्या, आजीच्या आयुष्यातही हे घडलंच असणार. त्यांना वाटलं असेल, या महिन्यात पाळी जरा उशिराने आली आणि जरा जास्त गेली. त्या धुणं धुवायला लागल्या असतील. आज पट्टी आहे म्हणून त्या चार दिवसांना नाव मिळतं, नाव मिळालं की स्वप्न सुरू होतं, आणि मग ते संपल्याचं दुःखही खरंच असतं. कुणी म्हणेल, मग पट्टी लावूच नये. मला ते पटत नाही. बाईला स्वतःच्या शरीरातलं कळू नये असं म्हणण्यात आपली शंभर पिढ्यांची हौस फिटली आहे. पट्टी लावावी. फक्त पट्टीबरोबर ‘दहांतल्या तीन’ हेही तिला आणि तिच्या घरच्यांना माहीत असावं.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायलाच हवी. पट्टी सांगते की निरोप आला आहे. निरोप कुठून आला ते सांगत नाही. गर्भ कधीकधी गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीतच रुजतो, तेव्हाही दोन रेघा येतात. अशा वेळी एचसीजीची वाढ पुष्कळदा मंद असते, पण दर वेळी नाही. म्हणून पट्टी लागल्यावर सोनोग्राफीने जागा पाहून घेणं महत्त्वाचं. आणि पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखलं, घेरी आली, खांद्याच्या टोकाला विचित्र कळ आली, तर ‘होईल बरं’ म्हणत बसू नये. थेट दवाखाना गाठावा, रात्र असली तरी. नळी फुटली तर जिवावर बेततं.

दुसरं म्हणजे रक्ततपासणीतले आकडे. त्या कागदावर ‘बीटा एचसीजी’ लिहिलेलं असतं. हे बीटा काय प्रकरण आहे? या संप्रेरकाचे दोन भाग, अल्फा आणि बीटा. अल्फा भाग इतर तीन संप्रेरकांतही तोच असतो, जसं एका घरातल्या चार भावांचं आडनाव एक. बीटा म्हणजे त्याचं स्वतःचं नाव. जुन्या तपासण्या आडनावावरून हाक मारायच्या आणि भलताच भाऊ ओ द्यायचा. १९७२ मध्ये जूडिथ व्हायटुकायटिस आणि सहकाऱ्यांनी बीटा भाग अचूक मोजायची पद्धत दिली आणि घोळ मिटला. पण हल्ली मुली हे आकडे एकमेकींना पाठवून तुलना करतात. माझे १२०, तुझे ३४०, मग माझं काही खरं नाही! अगं, चौथ्या-पाचव्या आठवड्यात निरोगी गर्भातही हा आकडा कितीतरी कमीजास्त असू शकतो. एका पेपरच्या मार्कांवरून आम्ही कधी वार्षिक निकाल लावला नाही. अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा तपासून चढ बघायचा असतो, आणि तोही डॉक्टरांनी बघायचा असतो.

शिवाय जास्त आकडा म्हणजे जास्त चांगलं असंही नाही. आता ज्या प्रकाराबद्दल लिहिते आहे त्याने मला सर्वांत जास्त विचारात पाडलं. द्राक्षगर्भ म्हणून एक आजार आहे. त्यात बाळ नसतंच. वारेच्या पेशी द्राक्षांच्या घोसासारख्या फुगत जातात आणि एचसीजी बेसुमार वाढतं. उलट्या होतात, पोट दिवसांच्या मानाने मोठं दिसतं, घरी सगळे म्हणतात जुळं आहे. पूर्वीच्या काळी अशा बाईबद्दल काय काय बोललं जाई ते मी लहानपणी ऐकलं आहे. नजर, बाहेरचं, मागच्या जन्मीचं पाप. १९७७ मध्ये काजी आणि ओहामा या जपानी शास्त्रज्ञांनी अशा पूर्ण द्राक्षगर्भाची गुणसूत्रं तपासली आणि काय दिसलं? ती सगळीच्या सगळी वडिलांकडून आलेली! बीजातली आईची गुणसूत्रं हरवलेली असतात आणि बापाकडच्यांचीच दुप्पट होते. जिच्या पदरी पाप बांधलं, तिचं त्या पेशींच्या केंद्रकात एकही गुणसूत्र नाही.

हे वाचून ‘मग दोष नवऱ्याचा’ असं कुणी म्हणू नये. त्यालाही काही कळत नसतं बिचाऱ्याला. आम्ही शाळेत इतकी वर्षं घसा फोडून सांगितलं की मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, ते बापाला फटके मारावेत म्हणून नव्हे. आईला मारणं थांबावं म्हणून.

द्राक्षगर्भ काढल्यावर एचसीजी आठवड्याला मोजतात, ते उतरून सामान्य होईपर्यंत आणि नंतरही काही महिने. ते पुन्हा चढू लागलं तर पेशी उरल्या आहेत, क्वचित कर्करोगाकडे वळल्या आहेत, हे समजतं. हा कर्करोग एकेकाळी बायकांना काही महिन्यांत नेत असे. १९५६ मध्ये अमेरिकेत डॉ. मिन चिउ ली आणि डॉ. रॉय हर्ट्झ यांनी तो मेथोट्रेक्सेट या औषधाने बरा करून दाखवला. लींचा हट्ट असा की गाठ दिसेनाशी झाली तरी एचसीजी शून्यावर येईपर्यंत औषध थांबवायचं नाही. वरिष्ठांना हे अति वाटलं आणि त्यांना ती संस्था सोडावी लागली. पुढे कळलं की ज्यांचं औषध आधी थांबवलं त्यांचा रोग उलटला, लींच्या बायका वाचल्या. १९७२ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. औषधाने पूर्ण बऱ्या झालेल्या पहिल्या घट्ट कर्करोगांत याची गणना होते. जी खूण बाळ आल्याची, तीच खूण रोग गेल्याची. म्हणून सांगते, द्राक्षगर्भानंतर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून रक्ततपासणी चुकवू नका, आणि डॉक्टर सांगतील तोवर पुन्हा दिवस राहू देऊ नका. पोटातलं नवं एचसीजी आणि रोगाचं एचसीजी वेगळं ओळखता येत नाही.

उलट्यांवरून आठवलं. फार उलट्या होणाऱ्या सुनेला ‘नाटकं’ म्हणायची आपल्याकडे रीत. कितीतरी वर्षं एचसीजीमुळेच उलट्या होतात असं मानलं जाई, कारण दोन्हींचं शिखर एकाच सुमारास येतं. २०२३ च्या अखेरीस आलेल्या मोठ्या संशोधनात मुख्य बोट जीडीएफ१५ नावाच्या दुसऱ्याच संप्रेरकाकडे गेलं. गरोदरपणात तेही बहुतांश गर्भ आणि वारेकडूनच येतं, आणि आधी ज्या बाईच्या अंगात ते कमी असतं तिला जास्त सोसत नाही. तेव्हा यातही नाटक कुणाचं नाही.

बाईच्या बाजूने काहीच नसतं, असा मात्र अर्थ काढू नका. थायरॉइड, काबूत नसलेला मधुमेह, रक्त गोठण्याचे काही विकार, गर्भाशयाची रचना, तंबाखू, मिश्री, दारू यांचा परिणाम होतो. दोन-तीनदा गर्भ पडला तर दोघांच्या तपासण्या व्हायलाच हव्यात. पण थायरॉइड हा आजार आहे, अपराध नाही. पिकलेल्या पपईच्या दोन फोडी, जिना, रिक्षाचे धक्के, रोजचं काम हे तर आजारही नाहीत. आणि अंथरुणावर पडून राहिल्याने सुरुवातीचा गर्भ वाचतो याला आधार सापडलेला नाही. ‘टिकवायचं इंजेक्शन’ म्हणून एचसीजीच्या सुया देतात, त्यांनी धोक्यात आलेला गर्भ टिकतो याचाही भक्कम पुरावा नाही. (वंध्यत्वाच्या उपचारात बीज सुटण्यासाठी ती सुई देतात, ते काम ती चोख करते. तिच्यानंतर दहा-बारा दिवस घरची पट्टी लावू नये इतकंच. सुईचंच एचसीजी रेघ उठवतं.)

या औषधाची आणखी एक मौज. सिमियन्स नावाचे डॉक्टर बरीच वर्षं आपल्या मुंबईत होते, मग रोमला गेले. १९५४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की एचसीजीची सुई आणि दिवसाला पाचशे कॅलरी यांनी वजन झरझर उतरतं. उतरणारच. पाचशे कॅलरींत, म्हणजे दोन पोळ्या, थोडी भाजी आणि वाटीभर वरण यांत, कुणाचंही उतरेल! पुढे खऱ्या आणि खोट्या सुया देऊन ताडून पाहिलं तेव्हा फरक आढळला नाही. तरी त्या सुया अजून विकल्या जातात. गरोदर बाईच्या लघवीतून काढलेलं द्रव्य गरोदर नसलेल्या बाईला बारीक करायला. असो.

आता आपल्या जुन्या रिवाजाकडे येते : तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. मी या रिवाजाला हसत नाही. त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचं निरीक्षण आहे. वारेने कारभार हाती घेतल्यावर, तीन महिने उलटल्यावर, पडण्याचा धोका खरंच बराच कमी होतो. आजीला पीतपिंड माहीत नव्हता, पण दिवस बरोबर मोजत होती. पण रिवाजाची दुसरी बाजू अशी की सुख सांगितलं नाही तर दुःखही सांगता येत नाही. गर्भ पडल्यावर तिसऱ्या दिवशी बाई सत्यनारायणाच्या पंगतीत वाढायला उभी असते, कारण तिला काही झालंय हेच कुणाला माहीत नसतं. आणि जिने सांगितलं तिची आपण उलटतपासणी घेतो. दोन्हीकडून तीच.

माझं मत असं की कधी सांगायचं, कुणाला सांगायचं, हे तिने ठरवावं. पट्टी तिची आहे. सासूबाईंच्या बहिणीपर्यंत बातमी पोचवण्याचा हक्क सासूबाईंचा नाही, आईचाही नाही. आणि तिने सांगितलंच तर पुढचा प्रश्न ‘काय खाल्लंस’ हा नसावा. ‘आज काय खाशील’ असा असायला हरकत नाही.

नोकरी करणाऱ्या मुलींसाठी आणखी एक, कारण पुष्कळ जणींना हे ठाऊकच नसतं. गर्भपात झाल्यास सहा आठवड्यांची पगारी रजा हा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून आपल्याकडे हक्क आहे, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो ठेवला आहे. आधीच्या वर्षभरात त्या ठिकाणी ऐंशी दिवस काम झालेलं असावं लागतं आणि डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो. आमच्या त्या मुलीने रजा मागितलीच नाही. साहेबांना काय सांगायचं, कसं लिहायचं, म्हणून चौथ्या दिवशी कामावर गेली. कुणाला अर्जाचा मसुदा हवा असेल तर मला कळवा. तीन ओळींत लिहून देते, त्यात कारणाचा उल्लेख ‘वैद्यकीय’ एवढाच राहील आणि दाखला बंद पाकिटात. दहावीला अर्जलेखन मीच शिकवत असे.